'बाबा' या शब्दाचा सातबारा कुणाच्या नावावर?

दोस्तांनो, भाषेच्या गादीवर बसलेले पंडित आपल्याला एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. म्हणे शब्द पवित्र असतो. त्याचा अर्थ त्याच्या पोटात जन्मापासूनच असतो. चांगले शब्द सगळे देववाणीतून निघाले आणि खाली उतरता उतरता आमच्या तोंडी येऊन बाटले. हे ऐकून ऐकून आपली शिकलेली पोरंसुद्धा घरची बोली चोरून बोलतात. कॉलेजात 'न्हाई'चं 'नाही' करताना त्यांना घाम फुटतो.

या पंडितांशी भांडायला मला त्यांचं व्याकरण नको. मला एक शब्द पुरे, तोही दात न आलेल्या पोराच्या तोंडचा. बाबा.

सहा-सात महिन्यांचं पोर बघा. कुणाच्याही घरातलं बघा, वाड्यातलं बघा, झोपडपट्टीतलं बघा. ते ओठ मिटतं, ओठ उघडतं, वारा सोडतं. बा-बा-बा, पा-पा, मा-मा. 'क्ष' आणि 'ज्ञ' काढायला त्याला वर्षं लागतील, पण ओठांचा आवाज फुकटात निघतो. रोमन याकोबसन नावाच्या भाषापंडिताने १९५९ साली यावर एक मोठा निबंध लिहिला. मर्डॉक नावाच्या दुसऱ्या अभ्यासकाने जगभरच्या भाषांतून आई आणि बाप या अर्थाचे हजारावर शब्द गोळा केले होते, ते याकोबसनने पुढे घेतले. आईच्या शब्दांत 'म' आणि 'न' हे नाकातले आवाज जास्त, बापाच्या शब्दांत 'प', 'ब', 'त', 'द' जास्त. का? तर पोर अंगावर पिताना तोंड भरलेलं असतं, मग ते नाकातूनच कण्हतं. तेच कण्हणं पुढे 'मा' होतं. इतकं साधं आहे बघा. याच्यात देव नाही, वेद नाही, गोत्र नाही. एक तोंड आहे आणि एक भूक आहे.

आणि खरी गोम पुढे आहे. पोराला त्या आवाजाचा अर्थ काहीच ठाऊक नसतो. पाळण्यावर जो वाकतो तो म्हणतो, मला हाक मारली. बाप वाकला तर बाप म्हणतो, आजी वाकली तर आजी म्हणते. आवाज पोराचा, पण अर्थ मोठ्यांचा. घरात ज्याची सत्ता, त्याचा अर्थ.

हे राजेलोकांनाही कळलं नव्हतं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो, की इजिप्तच्या सामेटिकस राजाला जगातली पहिली भाषा कुठली ते शोधायचं होतं. त्याने दोन तान्ही पोरं एका धनगराच्या हवाली केली आणि हुकूम दिला, यांच्यापुढे कुणी चकार शब्द बोलायचा नाही. दोन वर्षांनी पोरं 'बेकोस' म्हणाली. राजाने चौकशी केली. फ्रिजियन भाषेत बेकोस म्हणजे भाकर. झालं, ठरलं, फ्रिजियन लोक सगळ्यांत जुने! पुढच्या लोकांनी शंका काढली, की अहो, ती पोरं शेळ्यांमध्ये वाढली, शेळीसारखी ओरडली असतील. म्हणजे शेळीच्या बें-बें वरून कोण श्रेष्ठ ते ठरलं. आपल्या देशात आजही असं ठरतं. फक्त शेळीच्या जागी पोथी आहे.

आता हा 'बाबा' किती घरं फिरलाय ते बघू. त्यासाठी परदेशी जायला नको. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. आमच्या तिसऱ्या पाळीत चार राज्यांची माणसं एका छपराखाली कापसाची धूळ खातात. बंगाली पोरगा घरी फोन लावून 'बाबा' म्हणतो, तो बापाला. पण त्याचा बाप पलीकडून त्याला काय म्हणतो? तोही त्याला 'बाबा'च म्हणतो! तेलंगणाचा पोरगा 'बाबाय' म्हणतो, तो चुलत्याला, बापाच्या धाकट्या भावाला. बिहारचा भोजपुरी बोलणारा म्हणतो बाबा म्हणजे आजोबा. आणि त्याच्या गावात बाबा, बाबाजी म्हणजे आणखी कोण, तर ब्राह्मण! सगळी जात एकजात 'बाबाजी'. गावातला ब्राह्मणाचा जवान पोरगाही बाबा आणि आमच्यासारख्याचा म्हातारा बापही त्याला बाबा म्हणणार. सूत कातता कातता मला ही गोष्ट कळली तेव्हा अंगाची लाही झाली. जो शब्द आमच्या छातीवर बिल्ल्यासारखा आहे, तोच शब्द तिथे आमच्याच लोकांच्या मानेवर जू आहे.

गुजरातीत 'बाबो' म्हणजे तान्हा पोरगा. आपल्या मराठीतही 'बाबागाडी'त बाप बसत नाही, पोर बसतं. गोव्यात कोंकणीत 'बाब' म्हणजे श्रीयुत. बाबा आमटेंना लोक साधू समजून बाबा म्हणत नव्हते, ते त्यांचं घरातलं, लहानपणीचं लाडाचं नाव. समुद्रापलीकडे चला. तुर्की, चिनी आणि आफ्रिकेतली स्वाहिली या एकमेकींशी रक्ताचं नातं नसलेल्या तीन भाषा. तिन्हींत बाबा म्हणजे बाप. टांझानियाचे लोक आपल्या ज्युलियस न्येरेरेंना 'बाबा वा तैफा' म्हणतात, राष्ट्राचा बाप. तीन भाषांनी एकमेकींकडून चोरलेलं नाही. पोरांचे ओठ सगळीकडे सारखे, एवढंच.

'मामा'चंही तेच. इंग्रज, रशियन, चिनी माणसाची मामा म्हणजे आई. आपला मामा आईचा भाऊ. आणि स्टालिनची मायबोली जॉर्जियन, तिच्यात 'मामा' म्हणजे चक्क बाप! आता सांगा पंडितजी, कुणाचं बरोबर आणि कुणाचं अशुद्ध?

आता रशियात थांबू, कारण तिथे 'बाबा'चं काय झालं ते आपल्या पोरांनी कान देऊन ऐकलं पाहिजे. रशियन भाषेत बाबा म्हणजे बाई. कुठली बाई? सरदाराच्या हवेलीतली नाही. शेतात राबणारी, चिखलात रुतलेली, लग्न झालेली कुळंबीण. गोष्टींतली जंगलातली चेटकीण 'बाबा यागा'. पुरुषाला हिणवायचं तर त्याला 'बाबा' म्हणायचं, आपल्याकडे 'बायल्या' म्हणतात तसं. आणि तिथली एक जुनी म्हण आहे. कोंबडी म्हणजे पक्षी नव्हे आणि बाबा म्हणजे माणूस नव्हे.

वाचा परत. बाबा म्हणजे माणूस नव्हे. ही म्हण कुणी केली? ज्याच्या घरी ती बाबा दळत होती, पाणी भरत होती, मार खात होती, त्याने केली. पोराने पाळण्यात फक्त 'बा-बा' केलं होतं. त्याला शिवी केली ती मोठ्यांच्या व्यवस्थेने. आणि आमच्यातले काही कार्यकर्ते, जे सभेत समतेवर तासभर बोलतात आणि भांडताना सोबत्याला 'बायल्या' म्हणतात, घरी बायकोला 'तुला काय कळतंय' म्हणतात, त्यांनी ही म्हण घरच्या भिंतीवर लावावी. ती त्यांचीच म्हण आहे. भाषा फक्त रशियन आहे.

आपल्या देशातही या पाळण्यातल्या शब्दाला पायऱ्या होत्या. गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात साहेबाची पोरं म्हणजे 'बाबा लोग'. १८८६ सालच्या हॉब्सन-जॉब्सन कोशात तशी नोंदच आहे. पांढऱ्या केसांची आया सहा वर्षांच्या पोराला बाबा म्हणणार, आणि तिचं स्वतःचं पोर कुठल्या तरी छपरात कुणाच्या तरी ओटीत रडत असणार, त्याला बाबा म्हणायला कुणी नाही. गावगाड्यात काय वेगळं होतं? पाटलाच्या शेंबड्या पोराला आमच्या आज्याने 'धाकलं धनी' म्हणायचं आणि त्या पोराने आज्याला म्हणायचं, 'ए धोंड्या, लाकडं फोड'. दारात भाकर मागायची ती 'माय' म्हणून. दाद मागायची ती 'मायबाप' म्हणून. जगात लेकरू ज्या दोन हाका प्रेमाने मारतं, त्याच दोन हाका आमच्याकडून भीतीने वसूल केल्या गेल्या. शेतसारा घेतात, तशा.

पाळण्यातच हे ठरवून टाकायची तजवीज मनूने केली होती. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात बारशाचे नियम आहेत. ब्राह्मणाचं नाव मंगल ठेवा, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं नाव किळस येईल असं ठेवा. पोर अजून बा-बा करतंय, आणि याने त्याच्या कपाळावर अर्थ गोंदून ठेवला. तोंडातून आवाज निघायच्या आत! मग २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते पुस्तक जाळलं, यात नवल ते काय? तो आमच्या प्रत्येक पोराच्या बारशाचा हिशेब होता.

आणि आता आपला शब्द.

'बाबासाहेब' हे नाव आपण नव्याने घडवलं नाही. ते वाड्यांवरचं नाव होतं. सरदार, इनामदार, जहागीरदार यांच्या घरात बाबासाहेब, आबासाहेब, दादासाहेब पैशाला पासरी होते. 'साहेब' हा अरबी शब्द, 'बाबा' हा पाळण्यातला. आमच्या आज्या-पणज्यांनी हा शब्द वाड्यातून उचलला आणि वस्तीत आणला. अडाणी माणसांनी, अंगठा उठवणाऱ्यांनी. कुठल्या विद्यापीठाला विचारलं नाही, कुठल्या शंकराचार्याची परवानगी काढली नाही. आणि आज काय आहे? या महाराष्ट्रात बाकीच्या कुठल्याही बाबासाहेबाला ओळख पटवायला आडनाव लावावं लागतं. नुसतं 'बाबासाहेब' म्हटलं की एकच माणूस उभा राहतो. निळ्या कोटातला, हातात पुस्तक घेतलेला.

ही भाषेतली क्रांती आहे, दोस्तांनो. चवदार तळ्याचं पाणी जसं ओंजळीत घेतलं, तसा हा शब्द ओंजळीत घेतला. 'मायबाप' ही हाक आमच्याकडून काढून घेतलेली होती. 'बाबा' ही हाक आम्ही आपखुशीने दिली. हातात सत्ता नसलेल्या माणसांनी एका शब्दाचा अर्थ बदलला आणि सगळ्यांना तो मान्य करायला लावला. शब्दाचा अर्थ जन्माने ठरतो म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. ज्याला जन्मापासून अर्थ नसतो, त्याला माणसं अर्थ देतात आणि माणसंच तो काढूनही घेतात. शब्दाला जे लागू, तेच माणसाच्या जातीला लागू. म्हणून तर ते शब्दाच्या पावित्र्याला एवढे चिकटून बसतात. एक विटकर हलली तर सगळी भिंत हलेल.

पण काढून घेण्याची भीती आपल्यालाही आहे. हे लिहायला बसलो ते त्यासाठीच.

या देशात 'बाबा'चा आणखी एक अर्थ जोरात चालतो. अंगारा देणारा, गंडा बांधणारा, मठ बांधणारा, बाईला एकटीला आत बोलावणारा बाबा. त्याच्याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या, आणि त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला. कायदा झाला, पण बाबा काय कमी झाले? आणि आपल्या वस्त्यांत काय चाललंय? तसबिरीपुढे नारळ फुटतो. आरतीच्या चालीवर गाणी म्हटली जातात. भाषणात कुणी शंका काढली की 'बाबांनी सांगितलंय' म्हणून त्याला खाली बसवतात. बाबांनी कुठे सांगितलंय, कुठल्या साली, कुठल्या ग्रंथात, विचारलं तर बोलणारा आकाशाकडे बघतो.

मराठीत यालाच 'बाबावाक्यं प्रमाणम्' म्हणतात. बाबाचं वाक्य आहे ना, मग डोकं बंद. आणि आपल्या बाबाने सगळी हयात त्याच्याच विरोधात घालवली! १८ जानेवारी १९४३ ला पुण्यात रानड्यांवर बोलताना त्यांनी विभूतिपूजेची सालं काढली. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलं, की धर्मात भक्तीने मोक्ष मिळत असेल, पण राजकारणात भक्ती माणसाला अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. १९५६ साली नागपूरला अवतार नाकारायला लावले. बुद्धाने कालामांना सांगितलं होतं, गुरू सांगतो म्हणून मानू नका, पारखून घ्या. एवढं सगळं सांगून गेलेल्या माणसाला आपण नारळ फोडून त्या दुसऱ्या बाबांच्या रांगेत नेऊन बसवणार?

शत्रूला पुतळा फोडावा लागतो. त्याने दगड मारला तर आपण रस्त्यावर उतरतो, आणि उतरलंच पाहिजे. पण शब्द आतून पोखरला तर आवाजही होत नाही. हाक तीच राहते, अर्थ बदलून जातो. भोजपुरी मुलखात तो ब्राह्मणाकडे गेला, बंगल्यात गोऱ्या पोराकडे गेला, रशियात शिवी झाला. आपल्याकडे तो मठाधिपती व्हायला किती वेळ लागेल?

म्हणून सातबारा तपासत राहिलं पाहिजे. शब्द एकदा जिंकून भागत नाही. रोज कसला नाही तर तो पडीक पडतो आणि शेजारचा बांध कोरत आत येतो. कसणं म्हणजे काय? वाचणं. प्रश्न विचारणं. सभेत उठून पोरीने 'हे मला पटत नाही' म्हटलं तर तिला माईक देणं. जयंतीच्या वर्गणीतून डीजेआधी पुस्तकं घेणं, आणि ती कपाटाला कुलूप न लावता ठेवणं.

त्या बंगाली बापाकडूनही शिकण्यासारखं आहे. पोरगा त्याला बाबा म्हणतो, तोही पोराला बाबा म्हणतो. आपल्याकडेही म्हातारी नातवाला 'खा रे बाबा' म्हणतेच की. हाक वर जाते तशी खालीही येते. मान जातो तसा मान परत येतो. जिथे हाक नुसती वर जाते आणि खाली फक्त हुकूम येतो, तिथे मायबाप असतो, धनी असतो, मठ असतो. तिथे आपला बाबा नसतो.

तुमच्या वस्तीत एखादं लेकरू आज बा-बा करत असेल. त्याला अजून काही ठाऊक नाही. अर्थ तुम्ही भरणार आहात. त्याच्यापुढे अंगारा धरू नका, पुस्तक धरा.

जयभीम.