जिनिव्ह्यातील उन्हाळा आणि बिनपगारी उमेदवारी

जून महिना लागला की युरोपातील विद्यापीठांचे वर्ष संपते आणि त्यापुढचे दोन-अडीच महिने जिनिव्हा हे लेमाँ सरोवराच्या काठचे, फ्रान्सच्या सरहद्दीला खेटून वसलेले फ्रेंचभाषक नगर देशोदेशींच्या विद्यार्थ्यांनी गजबजून जाते. राष्ट्रसंघाने १९२० साली आपले ठाणे येथे हलवले तेव्हापासून या नगराला जे आंतरराष्ट्रीय माहात्म्य प्राप्त झाले ते उत्तरोत्तर वाढतच गेले. संयुक्त राष्ट्रांचे युरोपातील मुख्य कार्यालय, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, जागतिक आरोग्य संघटना, रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती आणि दोन देशांच्या सरहद्दीवर पसरलेली सर्न ही कणभौतिकीची प्रयोगशाळा, या सर्वांची दप्तरे शहरातल्या ट्रामने वा बसने सहज गाठता यावीत इतकी परस्परांजवळ आहेत. आपल्याकडील विद्यार्थ्याला ज्या संस्थांची नावे केवळ नागरिकशास्त्राच्या पुस्तकात भेटलेली असतात, त्यांच्या दालनात बसून उमेदवारी करण्याची संधी त्याला एखाद्या उन्हाळ्यात लाभू शकते. ही संधी थोर आहे आणि ती आज प्रामुख्याने ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांनाच मिळते, हे दोन्ही मला सारख्याच कळकळीने सांगावयाचे आहे.

थोरवी कशात आहे ते आधी पाहू. सर्नमध्ये १९६२ पासून उन्हाळी विद्यार्थ्यांसाठी एक योजना अव्याहत चालू आहे. सकाळी व्याख्याने ऐकायची आणि उरलेला दिवस संशोधकांच्या एखाद्या गटात बसून प्रत्यक्ष काम करायचे, अशी तिची रचना असून भारत २०१७ साली या संस्थेचा सहयोगी सदस्य झाल्यापासून आपल्या विद्यार्थ्यांचाही तेथील वावर वाढण्यास वाव मिळाला आहे. कायदा, अर्थशास्त्र वा समाजशास्त्र शिकणाऱ्यांसाठी जून महिना विशेष मोलाचा; कारण आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचे वार्षिक अधिवेशन याच महिन्यात भरते आणि मानवाधिकार परिषदेचेही एक सत्र याच सुमारास सुरू होते. सरकार, मालक आणि कामगार या तिघांचे प्रतिनिधी एकाच सभागृहात बसून एखाद्या कराराच्या मसुद्यातील एका उपवाक्यावर तासन्‌तास कसे झगडतात, कोण कोणत्या शब्दावर अडून बसतो आणि मध्यंतरातल्या कॉफीच्या वेळी कोण कोणाला बाजूला घेऊन बोलतो, हे मागच्या रांगेत टिपणे घेत बसलेल्या उमेदवाराला जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही पाठ्यग्रंथातून दिसत नाही.

परंतु या दप्तरांच्या दाराबाहेर पाऊल टाकताच इंग्रजीचे राज्य संपते. भाड्याच्या खोलीची जाहिरात, ट्राममधली सूचना, औषधाच्या पुडीवरील मजकूर, शेजारणीची कचऱ्याविषयीची तक्रार, सारे फ्रेंचमध्ये. आणि दुकानात शिरताच ‘बाँझूर’ म्हणून अभिवादन केल्यावाचून थेट मागणी करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे दुकानदारीण ज्या नजरेने पाहते ती नजर कोणताही विद्यार्थी विसरत नाही. तेथे एक उन्हाळा काढून आलेली मराठवाड्यातील एक विद्यार्थिनी मला सांगत होती की, शहरातील भाडे परवडेना म्हणून ती सरहद्दीपलीकडे फेर्ने-व्होल्तेर या फ्रेंच गावी एका वृद्ध बाईंच्या घरी राहिली. जेथे व्होल्तेरने आयुष्याची अखेरची सुमारे वीस वर्षे घालवली तेच हे गाव. शनिवारच्या बाजारात जर्दाळू घेताना ती आकडा चुकीचा उच्चारी, तेव्हा विक्रेता पिशवी हाती न देता तो आकडा तिच्याकडून शुद्ध वदवून घेई, आणि मागची रांगही काही कुरकूर न करता थांबून राही. कार्यालयात इंग्रजीवर निभावून नेणाऱ्या तिच्या सोबत्यांपेक्षा ती कितीतरी अधिक फ्रेंच शिकून परतली.

पुण्यामुंबईच्या कनिष्ठ महाविद्यालयांत हजारो मुले अकरावी-बारावीला फ्रेंच घेतात. परंतु ती गुणांसाठी. भाषेचा पेपर सोपा जातो, टक्केवारी चढते आणि निकाल लागताच पुस्तके रद्दीत जातात. ज्या मुलांनी दोन वर्षे क्रियापदे घोकली त्यांना खोलीमालकिणीशी फ्रेंचमध्ये चार वाक्ये बोलता येऊ नयेत, हे त्या मुलांपेक्षा आपल्या परीक्षापद्धतीस अधिक लांछनास्पद आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या इमारतीत पिढ्यान्‌पिढ्या परकी भाषा शिकवल्या जात आहेत, आलियाँस फ्राँसेझचे वर्गही आहेत. तेव्हा जिनिव्ह्याला जाऊ इच्छिणाऱ्याने निदान दैनंदिन व्यवहाराइतकी फ्रेंच येथेच पदरात पाडून घ्यावी, कारण तेथील दोन महिने आधीच्या ज्ञानाला पैलू पाडण्यास पुरतात, बाराखडीपासून आरंभ करण्यास पुरत नाहीत.

भाषा कष्टाने साध्य होते. पैशाचे तसे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात उमेदवारांना वेतन देत नाहीत; प्रवास, विमा, निवास हा सारा भार ज्याचा त्याने वाहावा असा तेथील नियम आहे. आणि हे शहर जगातील अत्यंत महागड्या शहरांपैकी एक. २०१५ साली न्यूझीलंडहून आलेला एक तरुण उमेदवार सरोवराकाठी लहानशा तंबूत राहत असल्याची वार्ता छायाचित्रासह जगभर पसरली. या अन्यायाकडे लोकांचे लक्ष वेधावे हाही आपला हेतू होता, असे त्याने पुढे सांगितले. तथापि तंबू मुद्दाम ठोकला म्हणून खोलीचे भाडे स्वस्त ठरत नाही. विशेष हे की, याच जिनिव्हा परगण्याच्या मतदारांनी २०२० च्या सप्टेंबरात तासाला २३ फ्रँक असे किमान वेतन सार्वमताने मंजूर केले. संयुक्त राष्ट्रांच्या आवारातील उमेदवारापर्यंत मात्र ते पोहोचत नाही. श्रम करणाऱ्याला न्याय्य मोबदल्याचा हक्क आहे, असे मानवाधिकारांच्या जाहीरनाम्याच्या २३ व्या कलमात जगाला सांगणाऱ्या संस्थेनेच आपल्या दप्तरात विनामोबदला काम करवून घ्यावे, हे मला अत्यंत अनुचित वाटते.

हे बदलता येत नाही असे म्हणण्यास जागा नाही. सर्न आपल्या उन्हाळी विद्यार्थ्यांना निर्वाहभत्ता देते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना उमेदवारांना विद्यावेतन देते. जागतिक आरोग्य संघटनेत २०१८ साली सदस्य राष्ट्रांनी ठराव करून उमेदवारीच्या योजनेत सुधारणा करवली आणि २०२० पासून तेथेही विद्यावेतन सुरू झाले. म्हणजे सदस्य राष्ट्रांनी मनावर घेतले की नियम हलतो. भारत हा संयुक्त राष्ट्रांचा संस्थापक सदस्य आहे. विकसनशील देशांतील तरुणांच्या वतीने हा प्रश्न आमसभेत लावून धरण्याचा अधिकार आणि कर्तव्य दोन्ही त्याच्याकडे आहेत.

महाराष्ट्राला तर या बाबतीत एक थोर पूर्वसूरी आहे. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे नारायण मल्हार जोशी यांनी आठ वर्षे शिक्षकी केली, भारत सेवक समाजात प्रवेश केला, १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि १९१९ साली वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्याच आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेस भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ते गेले. प्रातिनिधिक संघटनांच्या संमतीने कामगारांचा प्रतिनिधी निवडावा, अशी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या घटनेची अट असल्यामुळे देशव्यापी कामगारसंस्थेची निकड भासली आणि १९२० साली मुंबईत ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. पुढे त्या संघटनेच्या जिनिव्ह्यातील नियामक मंडळावरही जोशींनी वर्षानुवर्षे काम केले. लोअर परळला त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून रोज हजारो माणसे जातात. परंतु गिरणगावातील चाळींची गाऱ्हाणी घेऊन हा माणूस जिनिव्ह्याच्या मेजापाशी बसत असे, याचे स्मरण फारच थोड्यांना असते. गिरणगावातील वा मराठवाड्यातील मुलाने तेथे उमेदवारीला जावे ही अपेक्षा म्हणूनच मला अवास्तव वाटत नाही.

मग आपण येथे काय करावे? पहिली अडचण पंचांगाची आहे. आपल्या विद्यापीठांचे नवे सत्र जून-जुलैत उघडते, नेमका तेव्हाच युरोपातील उन्हाळी कार्यक्रमांना आरंभ होतो, आणि हजेरीच्या नियमापुढे कित्येक मुले अर्जच करीत नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणाने प्रत्यक्ष कार्यानुभवाला श्रेयांक देण्याची वाट खुली केली आहे. तेव्हा अशा उमेदवारीचा काळ हजेरीत धरण्याचा हुकूम काढणे विद्यापीठांना अवघड जाऊ नये. दुसरी अडचण तरतुदीची. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी पदव्युत्तर शिक्षणासाठी व पीएच.डी.साठी मिळते आणि तिने अनेकांचे आयुष्य उजळले आहे; परंतु दोन-तीन महिन्यांच्या उन्हाळी अभ्यासाला तिच्यात स्थान नाही. त्यासाठी राज्याने एक वेगळी छोटी वृत्ती सुरू करावी. बिनपगारी उमेदवारीला सरकारी पैसा पुरवला तर ती प्रथा अधिकच रुजेल, हा आक्षेप मी गंभीर मानतो. म्हणूनच आरंभ विद्यावेतन देणाऱ्या संस्थांपासून करावा, तेथे प्रवासखर्च, व्हिसा आणि पहिल्या महिन्याचे भाडे एवढाच भार उचलावा, आणि बिनपगारी जागांसाठी अपवादानेच साहाय्य द्यावे.

अशा वृत्तीच्या नियमावलीत दोन गोष्टी आरंभापासूनच असाव्यात. उन्हाळ्याचे अर्ज तेथे ऐन हिवाळ्यात मागवले जातात. सर्नची मुदत साधारणतः जानेवारीच्या अखेरीस संपते. तेव्हा आपली निवड डिसेंबरपूर्वी झाली पाहिजे, एप्रिलमध्ये काढलेले परिपत्रक कोणाच्याही कामाचे नाही. आणि रक्कम प्रस्थानापूर्वी विद्यार्थ्याच्या खात्यात जमा झाली पाहिजे, परतल्यावर पावत्या तपासून नव्हे. शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा विमा आधी उतरवावा लागतो, विमानाचे तिकीट आधी काढावे लागते, आणि स्विस कायद्याने घरमालकास तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागता येते. ज्याच्या बापाने शेतीचे कर्ज अजून फेडलेले नाही त्याने हे सर्व पदरचे भरून मग पावत्या सादर कराव्यात, असा नियम झाला तर ती वृत्ती कागदावर राहील आणि जाणारी मुले आजचीच राहतील.