शेगडी, छत्री आणि डांबरी कागद : फार्मव्हिलच्या वर्गखोल्यांचा इतिहास

१/१०
विसाव्या शतकाच्या मध्यावरचे अमेरिकी हायस्कूल म्हटले की चित्रपटांनी रुजवलेले एक दृश्य डोळ्यांसमोर येते : लॉकरांच्या रांगा, व्यायामशाळा, फुटबॉलचे सामने, वर्षाअखेरचा नृत्यसमारंभ. हे दृश्य खोटे नाही, पण अपुरे आहे. त्याची दुसरी बाजू व्हर्जिनिया राज्यातील फार्मव्हिल या लहान गावातील एका शाळेत दिसते.

२/१०
रॉबर्ट रूसा मोटन हायस्कूल ही प्रिन्स एडवर्ड काउंटीतील कृष्णवर्णीय मुलांची शाळा. १९३९ मध्ये ती सुमारे १८० विद्यार्थ्यांसाठी बांधली गेली. १९५१ पर्यंत पटसंख्या ४५० च्या वर गेली होती. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना एकाच शाळेत शिकवू नये, असे राज्याच्या घटनेतच लिहिलेले होते. त्यामुळे वाढत्या गर्दीला दुसरी वाट नव्हती.

३/१०
गर्दीवर उपाय म्हणून आवारात ‘तात्पुरत्या’ खोल्या उभारण्यात आल्या : लाकडी सांगाडा आणि त्यावर डांबरी कागद. लांबून त्या कोंबड्यांच्या खुराड्यांसारख्या दिसत. आत एक शेगडी असे. तिच्याजवळ बसणारा भाजून निघे आणि दूरचा अंगात कोट घालूनही कुडकुडे. छप्पर गळू लागले की मुले वर्गातच छत्र्या उघडत. सभागृहात एकाच वेळी अनेक तासिका चालत. जागा अपुरी पडली की उभ्या बसमध्येही वर्ग भरे. इतिहासाचे शिक्षकच बस चालवत आणि शाळेत पोहोचल्यावर शेगड्याही पेटवत.

४/१०
गावातील गोऱ्या मुलांच्या हायस्कूलला व्यायामशाळा होती, उपाहारगृह होते, आजारी विद्यार्थ्यासाठी स्वतंत्र खोली होती. मोटनमध्ये यांपैकी काहीही नव्हते. पुस्तके आणि बस यासुद्धा गोऱ्यांच्या शाळेने वापरून टाकलेल्या असत. भौतिकशास्त्र, लॅटिन आणि जगाचा इतिहास हे विषय मोटनमध्ये शिकवलेच जात नसत. म्हणजे अंतर केवळ भिंतींचे नव्हते. कोणत्या मुलाने काय जाणावे, हेही आधीच ठरलेले होते.

५/१०
यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : ती तंबाखू पिकवणारी ग्रामीण काउंटी, पैसा नसेल तर शाळा कशी बांधणार? वरवर पाहता हा युक्तिवाद सयुक्तिक वाटतो. परंतु पुढच्या तेरा वर्षांच्या घटना क्रमाने मांडल्या की तो टिकत नाही. डांबरी कागदाच्या खोल्या हा दारिद्र्याचा परिणाम नव्हता, तो निर्णय होता.

६/१०
पालकांनी वारंवार मागणी करूनही केवळ आश्वासने मिळत होती. अखेर २३ एप्रिल १९५१ रोजी सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने सूत्रे हाती घेतली. काही विद्यार्थी बसस्थानकावर अडचणीत सापडल्याचा खोटा निरोप देऊन मुख्याध्यापकांना शाळेबाहेर धाडण्यात आले. सर्वांना सभागृहात जमवण्यात आले, शिक्षकांना बाहेर जाण्याची विनंती झाली आणि विद्यार्थ्यांनी संप पुकारला. तो दोन आठवडे चालला.

७/१०
मुलांची मूळ मागणी साधी होती : चांगली इमारत. मदतीला आलेले वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांनी मात्र अट घातली की लढायचे तर वर्णविभाजनाच्याच विरोधात. विद्यार्थी आणि पालकांनी ती मान्य केली. पुढे ‘ब्राउन’ या नावाने ओळखल्या गेलेल्या पाच प्रकरणांपैकी विद्यार्थ्यांच्या संपातून जन्मलेले हे एकमेव प्रकरण.

८/१०
आता पैशाकडे पाहू. १९५२ मध्ये रिचमंड येथील संघीय न्यायालयाने इमारत, अभ्यासक्रम आणि वाहतूक यांतील विषमता मान्य केली, ती दूर करण्याचा आदेश दिला. पण विभाजन कायम ठेवले. १९५३ मध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी नवे हायस्कूल उभे राहिले. वर्षानुवर्षे ‘नसलेला’ पैसा दाव्यानंतर दोन वर्षांत सापडला! विभाजन वाचवायचे असेल तर काउंटी खर्च करायला तयार होती.

९/१०
१७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सार्वजनिक शिक्षणात विभाजन हीच विषमता आहे. नवी इमारत आता पुरेशी नव्हती; बाक सामाईक करावे लागणार होते. तेव्हा १९५९ मध्ये काउंटीने सार्वजनिक शाळांसाठी पैसा देणेच थांबवले आणि सर्व सार्वजनिक शाळांना टाळे लागले. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. बहुसंख्य कृष्णवर्णीय मुले वर्षानुवर्षे औपचारिक शिक्षणावाचून राहिली. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या निकालानंतरच शाळा पुन्हा उघडल्या. शेजारी बसू देण्यापेक्षा शाळाच नको, हा पर्याय सत्ताधाऱ्यांनी समजून-उमजून निवडला होता.

१०/१०
नागरी हक्कांचा इतिहास आपण बहुधा निकालांच्या तारखांनी पाठ करतो. परंतु न्यायालयात ज्याला ‘विषमता’ म्हटले गेले, ती मोटनच्या मुलांनी शेगडीपासूनच्या अंतराने मोजली होती. १९५० च्या दशकातील हायस्कूलच्या स्मरणरंजनात लॉकर आणि नृत्यसमारंभ खुशाल असावेत; मात्र त्याच वर्षांत, त्याच गावात, वर्गात छत्री उघडून धडा उतरवून घेणारी मुले त्या चित्रातून वगळली, तर उरते ती केवळ सजावट. मोटनची जुनी इमारत आज संग्रहालय आहे. अमेरिकी संसदभवनातील व्हर्जिनियाचा प्रतिनिधी म्हणून उभा असलेला सेनापती रॉबर्ट ली यांचा पुतळा डिसेंबर २०२० मध्ये हटवण्यात आला, आणि त्या जागेसाठी राज्याने निवड केली ती बार्बरा जॉन्सची.