आधी मंजुरी, मग काम

रस्ता, पूल वा गटार मूळ नकाशाबरहुकूम तंतोतंत पुरे झाले, असा अनुभव विरळाच. पाया खणताना अनपेक्षित खडक लागतो, जुनी जलवाहिनी आडवी येते, कधी लोकांची मागणीच पालटते. बदल हा बांधकामाचा स्वभावधर्म होय. त्याला आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो बदल आधी उरकून घ्यावयाचा आणि संमती मागाहून मिळवावयाची या रूढीला. सरकारी दप्तरात या रूढीस 'कार्योत्तर मंजुरी' असे भारदस्त नाव आहे.

मालेगावकरांस हा विषय नवा वाटू नये. मागावर बीम चढल्यानंतर व्यापाऱ्याने कापडाची वीण बदलावयास सांगितली, तर यंत्रमागधारक आधी मजुरी किती वाढेल व माल किती दिवस लांबेल ते सांगतो आणि होकार आल्यावरच माग पुन्हा चालू करतो. स्वतःच्या पैशाच्या व्यवहारात जी दक्षता आपण सहज पाळतो, ती जनतेच्या पैशाच्या व्यवहारात का सुटावी?

नियमांचा तुटवडा आहे, असेही नाही. सरकारी बांधकामांच्या बी-१ नमुन्यातील करारनाम्यात, एखाद्या बाबीचे प्रमाण निविदेपेक्षा २५ टक्क्यांहून अधिक वाढल्यास वाढीव भागाचा दर कसा ठरवावा, याचे कलमच आहे. खर्च मूळ मान्यतेपलीकडे जाऊ लागला, की 'सुधारित प्रशासकीय मान्यता' घ्यावी, हाही दंडक आहे. तथापि दंडक असणे निराळे आणि तो वेळेवर पाळला जाणे निराळे.

याची साक्ष गोसीखुर्द देतो. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवरील या प्रकल्पाची मूळ किंमत १९८३ साली सुमारे ३७२ कोटी रुपये धरली होती. १९८८ साली पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली, २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला, आणि सुधारित मान्यतांची एकेक पायरी चढत किंमत १८ हजार कोटींच्याही पलीकडे गेली. भाववाढ, भूसंपादन व पुनर्वसन ही कारणे खरी आहेत. सारी वाढ लबाडीची होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु कोणती वाढ अटळ होती आणि कोणती टाळता आली असती, हे त्या त्या वेळी न तपासल्यामुळे राज्याला २०१२ साली श्वेतपत्रिका काढावी लागली आणि माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली तपास पथक नेमावे लागले. आधी विचारावयाचे प्रश्न मागाहून विचारले गेले. तोवर पैसा खर्चून गेला होता आणि शेतकरी पाण्याची वाट पाहत होता.

यावर अभियंते म्हणतील, की प्रत्येक कागदाची वाट पाहत बसलो तर पावसाळा उंबरठ्यावर येईल. ही अडचण आम्ही नाकारीत नाही. बांध फुटत असता कोणी अर्ज लिहीत बसावे, असे आमचे म्हणणे नाही. आणीबाणीत तोंडी हुकूम द्यावा. मात्र काही ठराविक दिवसांच्या आत तो कारणांसह लेखी व्हावा. अपवादाचा नियम होऊ नये, इतकेच.

आमची मागणी साधी आहे. बदल कोणता, तो का, खर्च किती वाढेल, मुदत किती लांबेल आणि न केल्यास काय बिघडेल, या पाच प्रश्नांची उत्तरे एका पानावर मावतात. ते पान काम सुरू होण्यापूर्वी लिहिले जावे. मागणारा आणि मंजुरी देणारा एकच नसावा. नाकारलेल्या मागण्यांचीही नोंद राहावी. माहिती अधिकार अधिनियम, २००५ याचे कलम ४ सार्वजनिक संस्थांना आपणहून माहिती प्रकट करण्यास बांधून घेते. त्याला अनुसरून प्रत्येक मोठ्या कामाची बदल-नोंदवही नागरिकांपुढे उघडी असावी.

आमच्या नगरीत महानगरपालिका २००१ साली आली. रस्त्यांची व गटारांची कामे निघतात, थांबतात, पुन्हा निघतात, आणि आकडा मध्येच का वाढला हे करदात्यास कळत नाही. हे एक पान लिहिण्याची सवय मालेगावने लावून घेतली, तर त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. अधिकाऱ्यांची इच्छा आणि नागरिकांचा आग्रह, एवढेच लागेल.