सत्तावीस आणि वीस सात

मंडळी, २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय ना? पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असं वाचन दिलं होतं. झालं! मराठी बुडाली म्हणून जो तो ओरडायला लागला. विनोद तर मोबाईलवर कितीतरी दिवस फिरत होते. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. जुनी पद्धत काढलेली नाही, जोडाक्षरं आणि उलटा क्रम लहान मुलांना जड जातो म्हणून ही सोय केली, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. २०२३ मध्ये बाई गेल्या. मी या वादात तेव्हाही त्यांच्या बाजूचा होतो, आजही आहे. थोडी कुरकुर राखून.

ओरडणाऱ्यांपैकी किती जणांनी दुसरीच्या वर्गाला सत्तावीस लिहायला सांगितलं असेल? मी आयुष्यभर सांगितलं. निम्मा वर्ग २७ लिहितो आणि चार-सहा लेकरं हमखास ७२ लिहितात. ती मठ्ठ नसतात हो. कानाने जे ऐकलं ते हाताने लिहितात. 'सत्ता' आधी ऐकू आलं, म्हणून सात आधी. एकोणतीसची तर आणखी गंमत. तीस ऐकलं म्हणून कुणी ३१ लिहितं, कुणी ३९. एक उणा तीस हे आपल्याला ठाऊक, त्याला कोण सांगणार? बरं, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणऐंशी करत नियम बसवावा तर शेवटी नव्व्याण्णव येऊन सगळं मोडतं.

मूल भाषा पोपटासारखी शिकत नाही, नियम काढत शिकतं. अडीच-तीन वर्षांचं पोर 'बाबा जाला', 'मी करलं' म्हणतं. घरात कुणीच असं बोलत नाही, मग ते शिकलं कुठून? बसला, उठला, पळाला ऐकून त्याने स्वतःच कायदा केला आणि 'जा'ला लावला. आपण हसतो, पण व्याकरण त्याच्या डोक्यात तयार होतंय त्याची ती खूण आहे. आता २१ ते ९९ मधून तीस, चाळीस अशी दशकं वगळा. उरतात ७२ शब्द. बेचाळीस, त्रेसष्ट, शहात्तर... नियम काढणाऱ्या डोक्याला इथे धड नियमच सापडत नाही. घोकावं लागतं.

आमच्या सेनगाव तालुक्यात तांडे पुष्कळ. तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी बोलतं, मराठी त्याला बरीचशी शाळेतच भेटते. त्याच्यासाठी हे ७२ शब्द म्हणजे ७२ दगड. त्याला वजाबाकी येत असते. गोळ्या वाटून घेताना कुणी त्याला फसवून दाखवावं! पण पाटीवर ७२ दिसले की आपण 'गणितात कच्चा' असा शेरा मारून मोकळे. तो शेरा पुढे दहावीपर्यंत त्याच्या मागे जातो. माझा खरा राग यावर आहे.

हे दुखणं काही आपलं एकट्याचं नाही. जर्मन माणूसही 'सात आणि वीस' म्हणतो. नॉर्वेतही तसंच होतं. तिथल्या संसदेने ठराव करून १९५१ पासून क्रम सरळ केला. म्हातारी माणसं जुनंच बोलत राहिली, भाषा काही बुडाली नाही. नांदेडकडून खाली तेलंगणात गेलं की तेलुगूत 'वीस सात'च म्हणतात. चिनी भाषेत अकराला 'दहा एक' आणि सत्तावीसला 'दोन दहा सात'. संशोधकांनी चिनी आणि अमेरिकन मुलांची मोजणी ताडून पाहिली. दहापर्यंत दोघं सारखीच, अकरापासून चिनी मुलं पुढे. मेंदू वेगळा असता तर दहाच्या आतच फरक दिसला असता ना?

आता माझी कुरकुर. भाषा जशी अडवते तशी हातही देते, हे त्या वादात कुणी बोललंच नाही. पाव, सव्वा, दीड, अडीच, पावणेदोन! इंग्रजीत दीडला असा एक सुटसुटीत शब्द काढून दाखवा. आमच्याकडे हळदीचा, सोयाबीनचा हिशोब ऐकत वाढलेल्या पोराला 'अडीच क्विंटल' शाळेत जाण्याआधीच कळतं. चौथी-पाचवीत आपण त्यालाच दोन पूर्णांक एक छेद दोन शिकवतो आणि ते घाबरतं. त्याला आधी 'हे तुझं अडीचच आहे' एवढं सांगा.

आणि पाढ्यांना हात लावू नका. 'बारा त्रिक छत्तीस' याला ताल आहे. 'बारा त्रिक तीस सहा' जिभेवर बसायचं नाही. माझं म्हणणं एवढंच की पहिली-दुसरीत 'वीस सात, सत्तावीस' असं दोन्ही एका दमात म्हणून घ्यावं. पोराने ७२ लिहिलं तर लाल रेघ मारण्याआधी त्याला तो आकडा मोठ्याने वाचायला लावा. बहुतेक वेळा ते 'सत्तावीस'च वाचतं.

पावकी, निमकी, दीडकीचे पाढे शाळांतून गेले, त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन. तुमच्या घरात लहान लेकरू असेल तर अठ्ठावीसच्या पुढे ते काय म्हणतं ते मला कळवा. आमच्या शेजारचं 'नऊवीस' म्हणतं.