पाकिटावरचे चित्र आणि परसातले बी

पावसाळा तोंडावर आला की बियाण्यांच्या दुकानांपुढे गर्दी उसळते. आमच्या वसईत वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, कित्येक विहिरींचे पाणी मचूळ झाले. तरी मातीची ओढ काही सुटली नाही. ज्यांच्या वाड्या गेल्या त्यांनी परस राखले, ज्यांचे परस गेले त्यांनी गॅलरीत कुंड्या मांडल्या. ही ओढ आम्हांस मोलाची वाटते, आणि म्हणूनच तिच्याविषयी चार कठोर शब्द लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. दुकानात उभे राहून आपण नेमके काय निवडतो? पाकिटावरचे चित्र! एकाच साच्यातून काढल्यासारखे टोमॅटो, तीन रंगांची भोपळी मिरची, चेंडूएवढा झेंडू. ती भाजी आपल्या मातीत रुजेल काय, तिची चव आपल्या घरच्या कालवणाला मानवेल काय, तिचे बी पुढच्या वर्षी आपल्या हाती राहील काय, हे तीन प्रश्न कोणी विचारीत नाही. आमचे स्पष्ट मत आहे की, याला निवड म्हणता येत नाही. ही केवळ खरेदी आहे, आणि ती दरवर्षी नव्याने करावी लागते.

काही वर्षांपूर्वी एका अंथरुणाला खिळलेल्या आजींना कम्युनियन देण्यासाठी आम्ही दर महिन्याला जात असू. एकदा त्यांनी खाटेखालचा पत्र्याचा डबा ओढावयास सांगितला. आत राखेत घोळलेले वांग्याचे बी होते, चिंधीत बांधलेला पावटा होता, सालीसकट वाळविलेली दोन शिराळी होती. "फादर, ही वांगी माझ्या सासूबाईंच्या हातची. आता कुणी बी मागतच नाही," असे त्या म्हणाल्या. आम्ही कौतुकाचे दोन शब्द बोललो आणि निघालो. पुढे त्या प्रभूघरी गेल्या. महिन्याच्या मिस्सानंतर आम्ही त्या डब्याची चौकशी केली, तेव्हा तो भंगारवाल्याकडे गेल्याचे कळले. मुलासुनेला दोष देण्यास आमची जीभ रेटली नाही. कारण मूठभर बी मागून घेण्याचे आम्हांलाही सुचले नव्हते. ते वांगे आता कोणत्याही दुकानात मिळणार नाही. आमचे हे लिखाण त्या चुकीतून जन्मले आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. 'संकरित' किंवा 'एफ-१' असे छापलेल्या बियाण्याविषयी लोकांत दोन गैरसमज आहेत. एक, संकरित तेवढे उत्तम. दुसरा, संकरिताचे बी वांझ असते. दोन्ही समज चुकीचे आहेत. दोन निराळ्या शुद्ध वाणांचा संकर केला की पहिली पिढी बहुधा जोमदार आणि एकसारखी येते. त्या पिढीचे बी उगवते. पण त्यातून आलेली झाडे एकसारखी राहत नाहीत, आजी-आजोबांचे गुण त्यांच्यात विखुरतात. हा नियम जगाला एका मठाच्या परसातून मिळाला, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? ऑगस्टिनियन संन्यासी ग्रेगोर मेंडेल यांनी ब्र्नो येथील मठाच्या बागेत १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्यावर प्रयोग केले आणि १८६६ साली ते प्रसिद्ध केले. उंच आणि बुटक्या वाटाण्यांच्या संकरातून पहिल्या पिढीत सर्व झाडे उंच आली. दुसऱ्या पिढीत मात्र सुमारे तीन उंच झाडांमागे एक बुटके पुन्हा प्रकट झाले. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, संकराला हात घालण्यापूर्वी मेंडेल यांनी ३४ वाण मिळवून ते दोन वर्षे पेरून पाहिले, आणि आपले गुण राखणारे २२ वाण तेवढे प्रयोगासाठी ठेवले. निवड म्हणतात ती ही! आपण मात्र दोन मिनिटांत पाकीट उचलतो.

"फादर, जुन्या वाणांना रोग फार, उत्पन्न थोडे," असा आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो. जो शेतकरी भाजी विकून संसार चालवितो, त्याने संकरित बियाणे घेतले तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही. त्याला एकाच वेळी तयार होणारा, एका मापाचा, खोक्यात न चिरडणारा माल हवा असतो. परंतु घरच्या परसाला कोणता ट्रक गाठावयाचा असतो? एकाच आठवड्यात वीस किलो टोमॅटो पिकणे हा बाजाराचा गुण आहे. स्वयंपाकघराच्या दृष्टीने तो दोषच होय. घरच्या गृहिणीला रोज ओंजळभर भाजी हवी असते, आणि सरळ वाण तीच देतात. शिवाय सरळ वाण म्हणजे दुबळा वाण, हे समीकरण आले कोठून? पाने पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला तोंड देण्यासाठीच परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी क्रांती' ही भेंडी काढली. ती सरळ वाणाची आहे, तिचे बी घरी धरता येते. १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने आपल्या कोकणच्या हवामानासाठी कारल्याचा 'कोकण तारा', पडवळाचा 'कोकण श्वेता' आणि शिराळ्याचा 'कोकण हरिता' असे वाण दिले. लोकांच्या पैशाने झालेले हे काम आपल्या उंबऱ्यापाशी असताना आपण परदेशी ब्रोकोलीच्या चित्राकडे डोळे लावून बसावे, हे नवल नव्हे काय?

हवामानाचा मान राखला नाही तर माती माणसाला धडा शिकविते. कोबीचे झाड फुलावर येण्यास थंडीचा दीर्घ काळ लागतो. समुद्रकाठच्या उबदार हवेत तो गड्डा धरील, पण बी देणार नाही. कोबी लावू नये असे आम्ही म्हणत नाही. तो दरवर्षी विकत घ्यावा लागेल हे जाणून लावावा. याउलट आपला जुना पावटा दिवस लहान होऊ लागले म्हणजेच फुलतो. उन्हाळ्यात लावून "नुसती पानेच वाढतात" अशी तक्रार करणाऱ्याने दोष वेलाला देऊ नये. आपल्या वाडवडिलांनी भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल टाकला, त्यामागे हेच ज्ञान होते. ते कोणत्याही पाकिटावर छापलेले नसते.

फुलांच्या बाबतीत तर आपली नजर अगदीच दिपून गेली आहे. लांबच्या बाजारात टिकावा म्हणून वाढविलेल्या गुलाबाचा सुवास बहुतांशी हरपला. तरी आपण तोच गुलाब मागतो आणि दारचा मोगरा उपटून टाकतो. येथेही आम्ही अपराधी आहोत. एका सणाच्या निमित्ताने चर्चच्या आवाराचे सुशोभीकरण करताना आम्ही जुनी तगर आणि अनंत काढून शोभेची पाम झाडे लावविली. पुढे वेदीच्या फुलांसाठी आम्हांस बाजाराची वाट धरावी लागली! दुहेरी-तिहेरी पाकळ्यांच्या फुलांत पुष्कळदा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. मधमाशीला तेथे पराग मिळत नाही. मग दुधीची आणि काकडीची कोवळी फळे पिवळी पडून गळतात, तेव्हा आपण औषधाची बाटली शोधतो. वेलांच्या मांडवाशेजारी एकेरी झेंडू आणि तुळस लावून पाहावी. परसात फूल आणि भाजी यांचे शेजारपण असते. ते ओळखून केलेली निवड दोघांनाही फळते.

दुसऱ्या बाजूच्या मंडळींनाही येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत. 'देशी तेच शुद्ध, परदेशी ते त्याज्य' अशी घोषणा हल्ली बागकामातही ऐकू येते. आम्हांस ती मान्य नाही. मिरची, टोमॅटो, पेरू, पपई, काजू ही सारी मूळची अमेरिका खंडातील. आपला झेंडू आणि आपला निशिगंधही तिकडचेच. १५३४ ते १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती, आणि त्यांच्या गलबतांतून यांपैकी कित्येक वनस्पती आपल्या किनाऱ्यावर उतरल्या. आज मिरचीवाचून आपला कोणता मसाला होतो? झेंडूवाचून दसऱ्याचे कोणते तोरण होते? जे बी या मातीत राहिले, येथले ऊनपाऊस सोसून येथलेच झाले, त्याची जन्मपत्रिका मागणे हा कृतघ्नपणा होय. वाण कोठून आला हा आमचा प्रश्नच नाही. तो आपल्यापाशी नांदतो काय आणि आपले बी आपल्या हाती देतो काय, एवढेच आम्ही विचारतो.

बी हाती असणे ही लहान बाब नव्हे. भारतात २००१ साली झालेल्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचाही हक्क दिला. संरक्षित वाणाचे बी कंपनीच्या नावाने विकू नये, एवढीच अट घातली. तरीही २०१९ साली गुजरातमधील बटाटा पिकविणाऱ्या शेतकऱ्यांवर एका बहुराष्ट्रीय कंपनीने दावे लावले, आणि लोकक्षोभ उसळल्यावर ते मागे घेतले. कायदा कागदावर असून भागत नाही. हक्क वापरणारे हात लागतात. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी असे हात दाखवून दिले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी गावोगावचे जुने वाण जमविले, बियाण्यांची बँक उभारली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आम्हां शिकलेल्या मंडळींनी त्यांच्यापुढे मान खाली घालावी, हेच उचित.

मग करावे काय? फार काही नाही. प्रत्येक घराने दोन भाज्या आणि एक फूल एवढेच आपले म्हणून धरावे. टोमॅटो आणि पावटा यांपासून आरंभ करावा, कारण त्यांचे परागण बहुतांशी आपल्याच फुलात होते आणि वाण सहसा बिघडत नाही. मिरचीचे दोन प्रकार जवळजवळ लावून बी धरू नये. बियाण्यासाठी हंगामाच्या शेवटी उरलेले किडके फळ ठेवण्याची सवय टाकावी. उत्तम झाडावरचे आरंभीचे निरोगी फळ राखावे, त्याला रंगीत दोरा बांधावा, म्हणजे घरातील कोणी ते तोडणार नाही. बी सावलीत खडखडीत वाळवावे, कोरड्या बाटलीत भरावे, वर नाव आणि साल लिहावे. ओल आणि उष्णता हे बियांचे दोन वैरी आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यातील निम्मे बी शेजाऱ्याला द्यावे. एकाच घरात ठेवलेला वाण एका पुराने, एका आजाराने किंवा एका भंगारवाल्याच्या फेरीने नाहीसा होतो. दहा घरी दिलेला वाण सहसा मरत नाही.

सुगीच्या सणाला आपण वेदीपुढे नवी कणसे आणतो. यंदापासून त्याच दिवशी चर्चच्या ओट्यावर एक टेबल मांडण्याचे आम्ही ठरविले आहे. ज्याने त्याने घरचे बी आणावे, दुसऱ्याचे न्यावे. पैशाचा व्यवहार नाही. पाकिटावरच्या चित्राची तेथे कोणाला आठवण होणार नाही, अशी आमची खात्री आहे.

तोवर वाचकांस एवढीच विनंती. आपल्या घरात किंवा शेजारी कोणी आजी असतील तर आजच त्यांच्याजवळ बसा, आणि त्यांच्या डब्यात काय आहे ते विचारा. आम्ही विचारले नाही. तुम्ही विचारा, आणि मूठभर मागून घ्या.