निवेदन : कॉम्प्युटर व्हिजन व रोबोटिक्स प्रकल्पांतील संशोधकांचे थकीत विद्यावेतन

दि. 17 नोव्हेंबर 2025

प्रति,
मा. कुलगुरू महोदय
(मार्फत : मा. कुलसचिव)

विषय : शासकीय अनुदानावरील संशोधन प्रकल्पांतील अधिछात्र व प्रकल्प कर्मचाऱ्यांना एप्रिलपासून विद्यावेतन न मिळाल्याबाबत, तसेच अन्य मागण्यांबाबत.

संदर्भ : 1) आमचे जून महिन्यातील निवेदन, 2) ऑगस्टमधील स्मरणपत्र, 3) दिवाळीपूर्वी आपल्या दालनात झालेली बैठक.

महोदय,

वरीलपैकी एकाही संदर्भाचे लेखी उत्तर आम्हाला आजवर मिळालेले नाही. जूनच्या निवेदनावर आवक शाखेचा शिक्का आहे, स्मरणपत्राच्या पोचप्रतीवर सही आहे. बैठकीत तर आपल्या समोरच वित्त व लेखा शाखेने सांगितले होते की दिवाळीआधी रक्कम खात्यात जमा होईल. दिवाळी होऊन गेली, रक्कम आलेली नाही. त्यामुळे पूर्वी तोंडी सांगितलेले सगळे या वेळी लेखी मांडत आहोत.

आमच्या प्रयोगशाळेत डाळिंबाच्या बागेसाठी यंत्रहात तयार होत आहे. पानांआड लपलेले फळ कॅमेऱ्याने ओळखायचे, त्यावर तेल्या रोगाचे ठिपके आहेत का ते पाहायचे आणि निरोगी फळाचा देठ कापून ते अलगद क्रेटमध्ये ठेवायचे, असे हे काम आहे. सांगोला, पंढरपूर, आटपाडी या पट्ट्यातल्या ज्या शेतकऱ्यांनी आम्हाला बागेत येऊ दिले, ते दर हंगामात विचारतात की यंत्र कधी आणणार. प्रस्ताव देशपातळीवरच्या छाननीतून निवडला गेला आहे आणि मंजुरीपत्र आपल्याच नावे आले आहे. त्या वेळी विद्यापीठाच्या वार्तापत्रात प्रकल्पाचे छायाचित्रही छापले होते.

पहिल्या वर्षाचे उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेले नाही, म्हणून दुसरा हप्ता आला नाही आणि हप्ता नाही म्हणून विद्यावेतन नाही. ही साखळी आपल्या कार्यालयाला आमच्यापेक्षा चांगली माहीत आहे. प्रमाणपत्र का गेले नाही, तेवढे मात्र सांगणे भाग आहे. प्रकल्प प्रमुखांनी खर्चाचा तपशील एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दिला. मे महिन्यात फाईल परत आली, कारण बागेतल्या चित्रीकरणासाठी घेतलेल्या प्रवास अग्रिमाचे समायोजन दिसत नव्हते. त्याची बिले मार्चमध्येच जमा झाली होती. ती पुन्हा दिली. मग डेडस्टॉक रजिस्टरचा पान क्रमांक हवा होता, तोही दिला. त्यानंतर संबंधित सहायकांची बदली झाली आणि नव्या सहायकांनी फाईल पहिल्यापासून तपासायला घेतली. ऑगस्टमध्ये सनदी लेखापालांच्या सहीसाठी गेलेली फाईल अजून तिथेच आहे, की परत येऊन कुणाच्या टेबलावर पडली आहे, हे आम्हाला कोणी सांगत नाही. सगळ्या त्रुटी एकदम कळवल्या असत्या तर आठवड्याभरात दूर करता आल्या असत्या. एक दूर केली की दुसरी निघते. त्याआधीच मागील वर्षाची शिल्लक 31 मार्चला परत गेली होती. ती वेळेत खर्ची पडली असती तर निदान उन्हाळ्याचे महिने निभावले असते.

विद्यावेतनावर जगणारी माणसे या काळात काय करत आहेत, हेही आपणास कळायला हवे. कनिष्ठ अधिछात्रवृत्ती 1 जानेवारी 2023 पासून 31 हजारांवरून 37 हजार झाली आणि वरिष्ठ अधिछात्रवृत्ती 35 हजारांवरून 42 हजार. त्या वाढीचा फरक जुन्या अधिछात्रांना ‘पुढच्या महिन्यात’ देऊ असे 2023 च्या डिसेंबरात सांगितले गेले होते. तो फरक आजही बाकी आहे आणि आता मूळ रक्कमही थांबली आहे. मंजुरीच्या अटींमुळे आम्हाला दुसरीकडे नोकरी करता येत नाही. कोणी घरून पैसे मागवते, कोणी मित्रांकडून उसने घेते, कोणाच्या आईवडिलांनी सोसायटीचे पीककर्ज फेडायचे लांबवून मुलाला मेसचे पैसे पाठवले आहेत. आमच्या एका सहकारिणीला वसतिगृह शुल्क थकल्याबद्दल विलंब शुल्काची नोटीस आली आहे. तिचे विद्यावेतन ज्या विद्यापीठाकडून यायचे, त्याच विद्यापीठाने ती नोटीस काढली आहे. तिची प्रत सोबत जोडली आहे. ही नोटीस किमान आज तरी मागे घ्यावी.

या विलंबाने कामाचे झालेले नुकसान पैसे आल्यावरही भरून येणार नाही. आमच्या गटातला एक सहकारी सप्टेंबरमध्ये पुण्यातल्या कंपनीत रुजू झाला. घरची जबाबदारी होती. त्याला आम्ही दोष देत नाही. बागेतल्या हजारो छायाचित्रांवर रोगाच्या खुणा आखण्याचे काम तो करत होता. तेल्याचा सुरुवातीचा पाणीदार ठिपका आणि उन्हाने पडलेला डाग फोटोत जवळजवळ सारखेच दिसतात. फळ तडकले की तेल्या कोणालाही ओळखता येतो, पण तोवर उशीर झालेला असतो आणि यंत्राला शिकवायचे आहे ते सुरुवातीचेच. कोणता डाग कशात धरायचा, याची नजर त्याने बागायतदारांसोबत फिरून कमावली होती. नवा माणूस वेगळ्या अंदाजाने खुणा आखू लागला तर आधीची निम्मी छायाचित्रे पुन्हा तपासावी लागतात. कॅमेरा आणि यंत्रहात यांचा परस्पर मेळ घालण्याचे गणितही तोच सांभाळत असे. कॅमेरा किंचित हलला तरी हात फळाऐवजी फांदीवर जातो. जुळवणी नव्याने करायला माणूस लागतो आणि माणसाला पगार लागतो.

शिवाय, हंगाम कोणासाठी थांबत नाही. तेल्या पावसाळ्यात भडकतो, त्यामुळे जुलै ते सप्टेंबर हे आमच्या चित्रीकरणाचे महिने. या वर्षी प्रवासखर्चाला निधी नसल्याने ते झालेच नाही. आता मृग बहाराची फळे तोडणीला येत आहेत आणि झाडावर फळ असेपर्यंतच यंत्रहाताची चाचणी घेता येते. हेही महिने गेले तर प्रकल्पाच्या तीन वर्षांपैकी एक वर्ष अहवालात कोरे राहील आणि त्याचा जाब प्रकल्प प्रमुखांना विचारला जाईल.

या क्षेत्रासाठी देशात निधीच नाही, असे आता म्हणता येत नाही. केंद्राने डिसेंबर 2018 मध्ये सायबर-फिजिकल प्रणालींच्या राष्ट्रीय अभियानाला 3,660 कोटी रुपये मंजूर केले. त्यातून उभ्या राहिलेल्या 25 केंद्रांपैकी जोधपूरच्या आयआयटीतील केंद्र कॉम्प्युटर व्हिजनवर आणि दिल्लीच्या आयआयटीतील केंद्र माणसासोबत काम करणाऱ्या रोबोंवर भर देते. मार्च 2024 मध्ये इंडिया एआय अभियानासाठी दहा हजार कोटींहून अधिक रक्कम मंजूर झाली. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा आराखडा 2023 ते 2028 या काळासाठी 50,000 कोटींचा आहे आणि राज्य विद्यापीठांना पुढे आणणे हा त्यामागचा एक जाहीर हेतू आहे. यातला आमच्या विद्यापीठाच्या वाट्याला आलेला भागही जर एका प्रमाणपत्राअभावी अडत असेल, तर पुढच्या छाननीत आमचे प्रस्ताव कोण विचारात घेणार? या विद्यापीठातला मुलगा किंवा मुलगी केवळ येथे शिकते म्हणून मागे राहू नये, यासाठीच आम्ही भांडत आहोत.

आमच्या मागण्या अशा :

1. एप्रिलपासूनचे सर्व थकीत विद्यावेतन व घरभाडे भत्ता येत्या 30 नोव्हेंबरपर्यंत खात्यात जमा करावा. हप्ता आलेला नाही, हे कारण यापुढे सांगितले जाऊ नये. प्रत्येक प्रकल्पातून संस्थात्मक खर्चापोटी विद्यापीठाला ठरावीक रक्कम मिळते. त्यातील काही भाग बाजूला ठेवून फिरता निधी उभारावा, विद्यावेतन दरमहा त्यातून द्यावे आणि हप्ता आल्यावर ती रक्कम वळती करून घ्यावी. देशातल्या काही संस्थांमध्ये अशी सोय आहे. फेब्रुवारीतल्या बैठकीत आपण स्वतः या सूचनेला ‘तत्त्वतः मान्यता’ दिली होती आणि टिपणी सादर करण्यास सांगितले होते. टिपणी त्याच आठवड्यात सादर झाली. तिचे पुढे काय झाले, ते कळवावे.

2. उपयोगिता प्रमाणपत्राच्या फाईलसाठी एक अधिकारी नेमावा, सर्व त्रुटी एकाच वेळी लेखी कळवाव्यात आणि फाईल कोणत्या टेबलावर आहे हे प्रकल्प प्रमुखांना समजेल अशी व्यवस्था करावी.

3. 2023 च्या वाढीव दराचा फरक द्यावा.

4. जून 2025 मध्ये केंद्राने वैज्ञानिक संस्थांसाठी थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर नेली. विद्यापीठानेही तसा निर्णय घ्यावा. सर्वांत कमी दर म्हणून आलेला खोलीमापक कॅमेरा उन्हात निकामी ठरतो, हे आम्ही खरेदीपूर्वीच लेखी कळवले होते. तो आज भांडारात पडून आहे.

5. प्रयोगशाळेच्या संगणकांसाठी यूपीएसच्या बॅटऱ्या बदलून मिळाव्यात.

6. वसतिगृहाची विलंब शुल्काची नोटीस रद्द करावी.

या वेळी तोंडी आश्वासन स्वीकारणे आम्हाला शक्य नाही. 30 नोव्हेंबरपर्यंत लेखी उत्तर व रक्कम न मिळाल्यास 1 डिसेंबरपासून आम्ही प्रशासकीय इमारतीसमोर दिवसा धरणे धरू आणि याच निवेदनाची प्रत अनुदान देणाऱ्या विभागाकडे पाठवू. बागेतल्या चाचण्या मात्र आम्ही थांबवणार नाही. शेतकऱ्यांना दिलेल्या तारखा आम्ही पाळणार आहोत, त्यासाठीचा प्रवास तूर्त स्वखर्चाने करू. त्याची बिले यथावकाश सादर होतील.

आपले विश्वासू,
संशोधक विद्यार्थी, अधिछात्र व प्रकल्प कर्मचारी
कॉम्प्युटर व्हिजन व रोबोटिक्स प्रयोगशाळा
(स्वाक्षऱ्यांची यादी सोबत)

सोबत : संदर्भातील निवेदन व स्मरणपत्राच्या पोचप्रती, वसतिगृह शुल्क नोटीस, फेब्रुवारीतील टिपणीची प्रत.

प्रत माहितीस्तव व उचित कार्यवाहीस्तव :
मा. प्र-कुलगुरू
मा. वित्त व लेखा अधिकारी
मा. विभागप्रमुख