लाजू नका, सकाळी रक्त तपासून घ्या

घरातला कर्ता माणूस हल्ली लवकर थकतो. जेवला की टीव्हीसमोरच डुलक्या घेतो. बारीकसारीक गोष्टींवरून चिडतो. पत्नीच्या जवळ जावंसं वाटत नाही, आणि ते बोलूनही दाखवत नाही. ‘वय झालं’ म्हणून सगळे विषय सोडून देतात. तुमच्या घरी असं चाललं असेल तर विषय सोडू नका.

नुसता थकवा कशानंही येतो. झोप पुरत नसेल, थायरॉइड असेल, मन खचलेलं असेल. पण त्याच्या जोडीला इच्छा कमी झाली असेल, दाढी सावकाश वाढत असेल, दंड बारीक होऊन पोट सुटत असेल, तर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन कमी असू शकतं. पहाटे जाग येताना येणारा ताठरपणा बंद झाला असेल, तर ती सगळ्यात बोलकी खूण. ती तुम्हालाच ठाऊक असते. डॉक्टर विचारतीलच असं नाही, तुम्ही आपणहून सांगा.

रक्त सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी द्या. हे हार्मोन सकाळी जास्त असतं, दिवस चढतो तसं उतरतं. कामावरून परतताना दिलेल्या रक्तावर भिस्त ठेवू नका. अंगात ताप असेल तर थांबा. आकडा कमी आला तर दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा तपासा. ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खालचा आकडा बरेच डॉक्टर कमी धरतात, पण त्रास आणि आकडा दोन्ही पाहूनच ठरवतात.

मधुमेह असेल, वजन वाढलं असेल, रात्री जोरात घोरत असाल, तर तेही सांगा. वजन उतरलं की पुष्कळदा आकडा आपसूक चढतो. डोकेदुखीसोबत नजर कमी होत असेल तर मात्र लगेच दाखवा.

भिंतीवरच्या जाहिराती वाचून ‘ताकदीची’ औषधं आणू नका. जिममधल्या कुणी दिलेलं इंजेक्शन तर मुळीच घेऊ नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूकडून वृषणांना जाणारा हुकूम थांबतो. शुक्राणू कमी होतात, कधी पार बंदही होतात. तरुण मुलांना हे कुणी सांगत नाही, म्हणून घरातल्या मोठ्यांनी सांगा. आणि मूल हवं असेल, तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत तसं सांगा, म्हणजे ते वेगळं औषध निवडतील.